गाडी मीच चालवणार

शकूताईला खरं तर त्या गाडीचे तुकडे करायला बोलावलं होतं.

जुन्या पनवेलमधल्या एका डॉक्टरांचा बंगला पाडायला निघाला होता. डॉक्टर वारले होते. त्यांची मुलगी रिया पुण्याहून येऊन सामान आवरत होती. मागच्या पत्र्याच्या शेडखाली एक दोन सीटांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार धूळ खात पडली होती. मर्लिन तिचं नाव. दक्षिणेतल्या एका लहानशा कारखान्यात अशा थोड्या गाड्या बनल्या आणि मग तो कारखानाच बंद पडला. डॉक्टरांनी ती चौऱ्याऐंशी साली हौसेनं घेतली होती. इंजिन त्या काळच्या साध्या गाडीचंच, पण बॉडी सगळी फायबरची. भंगारवाला इंजिन आणि चाकं न्यायला तयार होता, बॉडीला हात लावेना. फायबर वितळत नाही, कोणी विकत घेत नाही, आणि कापायला गेलं की काचेची बारीक धूळ अंगात घुसून दोन दिवस खाज जात नाही. "गाढी नदीच्या पुलापलीकडं एक फायबरवाली बाई आहे, तिला बोलवा," असं त्यानंच सुचवलं.

मी त्या दिवशी तिथं होतो. माझं उरण नाक्याजवळ कुशनचं दुकान आहे. रिक्षाच्या गाद्या, ट्रकच्या सीटा, कधी घरचे सोफे. रियानं दिवाणखान्यातला सोफा दाखवायला बोलावलं होतं. तेवढ्यात फाटकातून मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर आत आली. चालवणारी पंचेचाळीस-सेहेचाळीसची, अंगात साधा सुती पंजाबी ड्रेस, केसांवर रेझिनचे, म्हणजे फायबर घट्ट करणाऱ्या चिकट रसायनाचे, वाळलेले ठिपके. स्कूटरच्या मागं अडकवलेली कुबडी काढून तिनं डाव्या काखेत घेतली, दुसऱ्या हातात कापायचा ग्राइंडर धरला आणि सरळ गाडीकडं गेली.

बॉनेट उचललं आणि तिनं ग्राइंडर खाली ठेवला.

"ओ भाऊ, इकडं या," ती मला म्हणाली. "हितं हात लावा."

बॉनेटच्या आतली बाजू खरखरीत होती. एका कोपऱ्यात, जिथं फायबर दाबायचा रोलर पोचला नसता, तिथं चार बोटांचे ठसे घट्ट होऊन बसले होते.

"हे मशिनीनं नाय केलेलं. कोनीतरी बसून, काचेच्या धाग्याची मॅट हातानं दाबून केलंय. मी करते तसंच." मग ती रियाकडं वळली. "मी नाय कापणार ही. तुमाला नको असंल तर मना द्या."

"तुम्ही काय कराल तिचं?"

"चालवीन."

रियाची नजर तिच्या डाव्या पायाकडं गेली. माझीही गेली. शकूताईनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"झालं बघून?" ती म्हणाली. "मग गाडीचे कागद शोधा आता."

रियाला हसू आलं. कागद डॉक्टरांच्या तपासणीच्या टेबलाच्या खणात सापडले. आठवड्याभरात गाडी टेम्पोवर चढून पुलापलीकडं गेली आणि माझी शकूताईशी ओळख झाली ती अशी.

ती मूळची उरणजवळच्या करंजा बंदरावरची, कोळ्यांच्या घरातली. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि डावा पाय काठीसारखा राहिला. वडिलांची होडी होती. भाऊ कमळाकर मिसरूड फुटायच्या आत समुद्रावर जायला लागला. आई आणि बहिणी लिलावातून पाट्या उचलून आणायच्या, वाळवण घालायच्या. शकूताईला डोक्यावर पाटी घेऊन चालता येत नव्हतं, म्हणून तिला दारात बसून मासळी राखायला लावलेलं. "कावळं हाकलायची नोकरी," ती सांगते.

ती अठरा वर्षांची असताना बंदरावर लाकडी होड्यांवर फायबर चढवायचं काम सुरू झालं. बाहेरून माणसं यायची. काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिच्यावर रेझिन फासायचं, रोलरनं हवा काढायची, वाळलं की दगडासारखं घट्ट. शकूताई धक्क्यावर बसून बघायची. तिच्या लक्षात आलं की या कामात माणूस सगळा वेळ बसलेला असतो. तिनं ठेकेदाराला विचारलं, मला शिकवा. तो म्हणाला, हे बायकांचं काम नाही, आणि तुझं तर नाहीच नाही. मग तिनं त्यांच्या डब्यांत उरलेलं रेझिन गोळा करायला सुरुवात केली. आधी घरातलं फुटकं पिंप सांधलं. घट्ट करणारा हार्डनर जास्त पडला तर रेझिन तापून धूर येतो, कमी पडला तर आठवडाभर चिकट राहतं, हे ती हात भाजून घेऊन शिकली.

एका वर्षी वडिलांच्या होडीला त्या ठेकेदारानं लावलेला तुकडा गळायला लागला. शकूताईनं तो खरवडून काढला आणि स्वतः नव्यानं लावला. खलाशी म्हणाले, बाईनं सांधलेल्या होडीत आम्ही पाय ठेवणार नाही. तेव्हा वडील एकटे ती होडी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या तळानं परत आले. त्यानंतर तिच्याकडं काम यायला लागलं, आणि त्या खलाशांपैकी दोघांच्या होड्यासुद्धा आल्या. पुढं ती पनवेलला आली, शेड घातली, पाण्याच्या टाक्या, पहारेकऱ्यांच्या केबिनी, गणपतीची मखरं, काय येईल ते बनवायला लागली. लग्नाचं तिला कोणी दोनदा विचारलं नाही. पहिल्यांदा विचारणाऱ्याला मिळालेलं उत्तर गावात फिरलं असावं.

मर्लिनचं काम दोन वर्षं चाललं. रोजचं काम संपलं की संध्याकाळी तासभर, आणि रविवारी दिवसभर.

गाडीवर तीनदा रंग मारलेला होता, वरचा लाल. शकूताईनं नंबरप्लेटच्या मागं रुपयाएवढी जागा पाण्याच्या पॉलिशपेपरनं घासत नेली आणि तळाशी फिकट पिस्त्याचा रंग निघाला. "हाच," ती म्हणाली. मी म्हटलं, "ताई, स्पोर्ट्स कार लालच शोभते." ती म्हणाली, "तुज्या रिक्षाला लाव लाल."

सल्ले देणारे खूप आले. शेड रस्त्यावर, त्यात असली गाडी, त्यामुळं जाणारा-येणारा थांबायचा. एकानं रुंद चाकं आणि मागं पंख बसवायला सांगितलं. तळोजाच्या एका कारखान्यातला मॅनेजर आला आणि म्हणाला, इंजिन काढून बॅटरी टाका, मी सामान मिळवून देतो. लग्नांना गाड्या पुरवणारा मिथुन नावाचा एक जण तर तीनदा आला. त्याला मागची बाजू कापून तिसरी सीट हवी होती, नवरा-नवरीच्या मध्ये करवली बसावी म्हणून. शकूताई रोलर न थांबवता ऐकायची आणि म्हणायची, "बनवनाऱ्यानं जशी बनवली तशीच होनार." तिसऱ्या खेपेला मिथुननं टेप काढून माप घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तिनं रेझिनचा ब्रश त्याच्या पांढऱ्या पँटवरून अलगद फिरवला.

मीही सुटलो नाही. सीटांचं काम माझ्याकडं होतं. मी चांगलं चौकडीच्या शिलाईचं रेक्झिन आणि जाड फोम घेऊन गेलो. तिनं जुनी सीट उसवून माझ्यापुढं धरली. आत काथ्या होता.

"फोम टिकतो, ताई. बसायला मऊ."

"डॉक्टरांच्या गाडीत फोम व्हता?"

"नव्हता."

"मग इचारतोस कशाला?"

काथ्या मला अलिबागच्या एका जुन्या कारागिराकडून आणावा लागला. शिलाई सरळ, कडेला बारीक गोट, रेक्झिन तपकिरी. मी पंचवीस वर्षं या धंद्यात आहे. इतक्या मनापासून मी दुसरी सीट शिवली नसेल.

इंजिन आणि लोखंडी काम तुळशीरामकाकांनी केलं. ते लेथवरचे जुने कारागीर. एके दिवशी त्यांनी विचारलं, "शकू, क्लचचं काय करतेस?"

गाडीला तीन पेडलं. उजवा पाय शकूताईचा चांगला, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर तो सांभाळू शकत होता. पण क्लच डाव्या पायाचा. काकांनी आठवड्याभरात एक लिव्हर बनवून आणलं. ते गिअरच्या दांड्याला लागून उभं राहायचं, डाव्या हाताच्या तळव्यानं खाली दाबलं की क्लच दबायचा आणि त्याच हाताच्या बोटांनी गिअर टाकता यायचा. मूळ पेडलाला फक्त पकड लावायची, कुठं भोक पाडायचं नाही. चार बोल्ट.

शकूताईनं ते लिव्हर कपाटावर ठेवून दिलं. तीन आठवडे ते तिथंच. काकांना राग आला, ते यायचे बंद झाले. मी विचारलं तेव्हा तिनं हातातला ब्रश खाली ठेवला.

"सगळ्यांना नाय म्हटलं मी," ती म्हणाली. "चाकं नाय, फोम नाय, बॅटरी नाय. आनि आता माज्यासाठी मीच बदलायची? मग त्या मिथुनला काय तोंड दाखवू?"

गाडी तयार होती. शेवटी मीच म्हटलं, "ताई, एकदा बाहेर तर काढू. मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा. करंजाला जाऊन येऊ."

आम्ही गेलो. टप उघडा, सकाळची वेळ. रस्त्यात कंटेनरवाले खिडकीतून वाकून बघत होते. बंदरावर पोचलो तेव्हा लिलाव नुकता संपला होता. गाडी थांबताच गर्दी झाली. कमळाकरही आला. माणसं माझ्याभोवती. कुठून आणली शेठ, किती धावते, कोणी बनवून दिली? मी सांगत होतो, अरे ही शकूताईची, यांनी बनवलीय. कोणी ऐकतच नव्हतं. दोन-तीन जण मोबाइल काढून पुढं आले. त्यांतला एक, चांगला शकूताईच्या ओळखीतला माणूस, तिला म्हणाला, "शकू, जरा उतर गो. फोटोत गाडी येत नाय नीट."

मी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस धक्क्यावरून पाण्यात जाणार. पण तिनं दार उघडलं, कुबडी घेतली, उतरली आणि बाजूला उभी राहिली. त्यांनी माझा फोटो काढला, मी ड्रायव्हिंग सीटवर, मागं होड्या.

परत येताना निम्म्या वाटेवर ती म्हणाली, "तुळशीरामकाकांना फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ताच. सांग, उद्या सकाळी पाने घेऊन या. गाडी मीच चालवनार."

लिव्हर दुसऱ्या दिवशी लागलं. पण चालवायला यायला दोन महिने गेले. पहिल्या आठवड्यात गाडी इतके झटके खायची की माझी मान धरली. तिचा तळवा सोलला, तिनं वर पट्टी बांधली. रेझिनचे रोलर ओढून आणि कुबडीवर भार टाकून तिचे दंड असे झालेत की ते लिव्हर माझ्याकडून दोन हातांनी दबायचं, ती एका तळव्यानं दाबायची. लायसन्सच्या परीक्षेत इन्स्पेक्टरनं तिला चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला लावली. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा तीच म्हणाली, "साहेब, अजून एकदा बघायची का?" तो हसला आणि कागदावर सही केली. बदल केलेली गाडी अशी रीतसर नोंद झाली.

त्या हिवाळ्यात खारघरला जुन्या गाड्यांचा मेळावा होता. मुंबईचा एक क्लब तो भरवतो. मीच तिचं नाव घातलं, ती तयार नव्हती. फॉर्मवर एक रकाना होता, 'मूळ गाडीत केलेले बदल'. तिनं तिथं स्वतःच्या हातानं लिहिलं : हाताचा क्लच. कारण : चालवणारीचा डावा पाय चालत नाही.

तो फॉर्म कोणी वाचला नसावा. आम्हाला मूळ स्वरूपातल्या गाड्यांच्या रांगेत जागा मिळाली. क्लबचे सेक्रेटरी आले. साठीचे, पांढरी टोपी, मऊ बोलणारे. बॉनेटवरून त्यांनी बोटं फिरवली, खाली वाकून चाकाच्या कमानीची आतली बाजू बघितली, मग मला विचारलं, "हे फायबरचं काम कोणाचं?"

या वेळी मी नुसता हात केला, शकूताईकडं.

"मॅडम, असं काम मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. ते मनापासून बोलत होते. "रंगसुद्धा बरोबर पकडलात. या गटात तुम्हाला..." आणि तेवढ्यात त्यांना लिव्हर दिसलं.

त्यांनी ते हलवून बघितलं. बोल्ट बघितले. "हे निघतं ना?"

"निगतं."

"मग अडचण नाही. आजच्या दिवसापुरतं काढून ठेवा, दहा मिनिटांचं काम. परीक्षकांच्या समोरून गाडी हे चालवतील." त्यांनी माझ्याकडं मान केली. "तुम्ही शेजारी बसा. पहिला नंबर तुमचाच आहे, मी आत्ताच सांगतो."

"आनि नाय काढलं तर?"

"तर बदललेल्या गाड्यांच्या गटात. तिकडं पलीकडं."

पलीकडं स्पीकर वाजत होते. एका जीपची चाकं माणसाच्या छातीएवढी होती, एका गाडीखाली जांभळे दिवे लागले होते.

शकूताईनं तिकडं बघितलं, मग शेजारच्या गाडीकडं. ती साठ सालची, काळी, तिच्या मालकानं नुकतीच फडक्यानं पुसून ठेवलेली. "साहेब, या गाडीला सीटचे पट्टे हायत. साठ साली व्हते?"

"नव्हते. पण ते सुरक्षेसाठी आहेत, त्याला नियमात सूट आहे."

"म्हनजे मानूस जिवंत राहावा म्हनून बदललं तर चालतं."

"तसंच."

"आनि मानसाला चालवता यावी म्हनून बदललं तर नाय चालत."

सेक्रेटरींनी टोपी काढून पुन्हा घातली. "मॅडम, मी तुमचं म्हणणं समजू शकतो. पण नियम समितीनं केलेत. मूळ गाडी म्हणजे जशी कारखान्यातून निघाली तशी."

"कारखान्यात ती कोनीतरी चालवायसाठी बनवली व्हती," शकूताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "फडक्यानं पुसायसाठी नाय. हिची एकेक काच, एकेक टाका मी जुन्यासारखा ठेवलाय. दोन वर्षं लोकांच्या शिव्या खाऊन ठेवलाय. मी लिव्हर काडनार नाय, आनि त्या दिवेवाल्यांच्यात पन जानार नाय. मी हौसेखातर बदललेली नाय. मी हितंच उभी राहनार. तुमाला नंबर द्यायचा नसंल तर नका देऊ."

आजूबाजूला माणसं जमली. कोणी म्हणालं, अहो बाई, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. काळ्या गाडीचा मालक पुटपुटला की नियम सगळ्यांना सारखे. मला स्वतःलाही एक क्षण वाटलं की ताईनं ऐकावं. इतकं काम केलंय, निदान नाव तरी होईल. मी तसं हळूच म्हटलंही. तिनं माझ्याकडं जे बघितलं, ते मला आयुष्यभर पुरेल.

तिनं गाडीची किल्ली कुर्त्याच्या खिशात टाकली आणि ड्रायव्हिंग सीटवर बसून राहिली. परीक्षक आले, कागदावर आमच्या नंबरावर रेघ मारून पुढं गेले. ती तशीच बसून. दुपारी दोनपर्यंत. लोक येत होते, बघत होते, विचारत होते, आणि या वेळी कोणाला उत्तर द्यायची मला गरज पडली नाही. बक्षिसं सुरू झाली तेव्हा तिनं किल्ली काढली.

"बस, परेश. जाऊया."

"घरी?"

"पुलावर."

समुद्रावरून मुंबईला जाणाऱ्या अटल सेतूवर दोन चाकी चालत नाही, तीन चाकी चालत नाही. तिची स्कूटर कोणत्या हिशोबात धरली असती कोण जाणे, पण सोडली नसती. तो पूल बांधत होते तेव्हा करंजाहून घरी येता-जाता तिनं तो खांब-खांब करत वाढताना पाहिला होता. त्यावर ती कधी गेली नव्हती. चिर्ले ओलांडून आम्ही वर चढलो. खाली खाडीचा चिखल, मग पाणी. वाऱ्यानं माझी टोपी उडाली. ती तळव्यानं लिव्हर दाबायची, बोटांनी गिअर टाकायची, आणि तोंडानं त्या सेक्रेटरीला, त्या काळ्या गाडीच्या मालकाला, जुन्या ठेकेदाराला आणि अधूनमधून मलाही करंजाच्या भाषेत जे काही ऐकवत होती ते इथं लिहिता येणार नाही. शिवडीला उतरेपर्यंत तिचा घसा बसला. तिथं गाडी कडेला घेऊन आम्ही चहा घेतला आणि तसेच परत फिरलो.

दोन महिन्यांनी सेक्रेटरींचा फोन आला. क्लबच्या कोणा सभासदाकडं एक परदेशी स्पोर्ट्स कार होती, तिचं फायबरचं बॉनेट तडकलं होतं. मुंबईत दोघांनी हात लावून बिघडवलं होतं.

मी तेव्हा शेडवरच होतो. शकूताईनं फोन स्पीकरवर टाकला, कारण हात रेझिनचे होते.

"करीन की," ती म्हणाली. "गाडीनं माजं काय वाईट केलंय?"

"फार बरं वाटलं, मॅडम. मग बॉनेट पाठवून देऊ?"

"बॉनेट नको. गाडी पाठवा. जोडल्यावर मी चालवून बघते, थरथर हाय का नाय ते. त्याशिवाय काम हातातून सोडत नाय मी."

"पण मॅडम, त्या गाडीला तर..."

"म्हाईत हाय. क्लच पायाचा. तुळशीरामकाका लिव्हर लावतील, झालं की काडतील. चार बोल्ट, दहा मिन्टं. तुमीच बोलला व्हता."

समितीला विचारून कळवतो, असं ते म्हणाले. शकूताईनं कोपरानं फोन बंद केला आणि पुढची मॅट साच्यात दाबायला घेतली. गाडी अजून आलेली नाही. ती वाटही बघत नाही. सध्या कमळाकरच्या होडीचा तळ करतेय, आणि दर रविवारी मर्लिन घेऊन करंजाला जाते. कोणाला फोटो काढायचा असेल तर म्हणते, काढा, मी उतरनार नाय.